पत्रिकेच्या पाठीवरचा मजकूर

मी एक जुना ट्रेडल आहे, मित्रांनो. आता ट्रेडल म्हणजे काय, हे सांगण्यापासून सुरुवात करावी लागते, इतका मी जुना झालो आहे. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचे छपाईचे यंत्र. तुमच्या शाळेच्या ओसरीवर, पाण्याच्या पिंपाशेजारी मी उभा असतो. तुमच्यातल्या काहींना मी उसाचा चरक वाटतो. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या चाकाला लोंबकळता, माझ्या तबकडीवर चिंचोके मांडून खेळता, आणि परवा तर एकीने माझ्या जबड्यात अर्धी खाल्लेली पोळी ठेवली होती. मी रागावत नाही. फक्त एकदा जवळ बसून माझी हकिकत ऐका, एवढेच मागणे आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. गिरगावातल्या एका छापखान्यात मी पंधरा वर्षे नाटकांच्या जाहिराती छापल्या, आणि तिथे माझ्याहून मोठे यंत्र आल्यावर मला विकायला काढले. एकोणीसशे अडतीस साली मी मालगाडीत बसून कर्जतला आलो. मालधक्क्यावरून सहा हमालांनी मला बाजारपेठेतल्या एका खोलीत आणले, तेव्हा दारात दत्तोपंत टिपणीस हातात नारळ घेऊन उभे होते. त्यांनी नारळ फोडला, माझ्या चाकाला हळदकुंकू लावले आणि स्वतःच्या धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसली. तेव्हाच मला कळले की या घरात आपले बरे चालणार.

माझे काम सांगायला सोपे आहे. शिशाची लहान लहान उलटी अक्षरे असतात, त्यांना खिळे म्हणतात. ते ओळीने जुळवून लोखंडी चौकटीत घट्ट आवळायचे आणि ती चौकट माझ्या छातीत बसवायची. पायटा दाबला की चाक फिरते, रूळ तबकडीवरची शाई उचलून खिळ्यांवर लावतात, आणि मी जबडा मिटून कागदावर मजकूर उठवतो. उजव्या हाताने कोरा कागद आत, डाव्या हाताने छापलेला बाहेर. हात काढायला उशीर झाला तर माझा इलाज नसे. दत्तोपंतांच्या उजव्या तर्जनीला नख नव्हते, ते माझ्यामुळे. त्याबद्दल ते मला एकदाही बोलले नाहीत. माझे रूळ सरस आणि गूळ शिजवून केलेले असत, म्हणून उंदरांचे आणि मुंग्यांचे माझ्यावर भारी प्रेम. द्वारकाबाई, म्हणजे दत्तोपंतांच्या पत्नी, रोज संध्याकाळी रूळ पुसून डब्यात बंद करीत. खिळे जुळवण्याचे कामही त्याच करीत. त्यांची बोटे खिळ्यांच्या खणांतून इतकी भराभर चालत की दत्तोपंत गमतीने म्हणत, "तांदूळ निवडताय की बातमी?"

काय दिवस होते ते! घाट चढायच्या गाडीला मागून जादा इंजिन जोडले की सगळी खोली हादरे आणि खणांतले खिळे खुळखुळत. मी शाळेच्या प्रश्नपत्रिका छापल्या, जत्रेच्या जाहिराती छापल्या, वैद्यांच्या चूर्णांच्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या छापल्या. कर्जत-खालापुरातली लग्ने माझ्यावाचून ठरत असतील, पण पत्रिका माझ्याकडून आल्याखेरीज ती लागत नसत, असा माझा तोरा होता. लोक दारात उभे राहून माझे काम बघत, आणि मी जरा जास्तच खडखडाट करी.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला लपवता येणार नाही. बेचाळीस साली शाळेतले एक तरुण शिक्षक, हेमचंद्र मास्तर, एक कागद घेऊन आले. वर्तमानपत्रांना ज्या बातम्या छापू दिल्या जात नव्हत्या, त्या त्यात होत्या. दत्तोपंतांनी मोठ्या उत्साहाने दोनशे प्रती काढल्या. आठवडाभराने खालापूरचे फौजदार दारात आले.

"पंत, यंत्र जप्त करायचा हुकूम आहे," ते म्हणाले. "मजकूर कुणाचा ते सांगितलंत, तर यंत्र राहील."

दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात माझ्या चाकावर होता. मग त्यांनी नाव सांगितले.

हेमचंद्र मास्तरांना नऊ महिने तुरुंग झाला. शाळेतली नोकरी गेली. मी मात्र जागच्या जागी राहिलो. मला वाचवायला एक माणूस दिला गेला होता, आणि मी लोखंडाचा असूनही मला ते ओझे पेलवत नसे. मास्तर सुटून आले, घरी शिकवण्या करू लागले. रोज सकाळी दहाच्या सुमारास ते आमच्या दारावरून जात, पण मान वळवून कधी आत बघत नसत. त्यांच्या वहाणांचा आवाज आला की दत्तोपंत खिळ्यांच्या पेटीत डोके खुपसून बसत. कर्जतमध्ये त्यांना कुणी तोंडावर काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांना बरे वाटले असते, असे मला वाटते.

अशी साडेचार वर्षे गेली. सत्तेचाळीस सालच्या चैत्रात, एका दुपारी, मालधक्क्यावरचा पहारेकरी आमच्याकडे आला. त्याचे नाव हर्कबहादूर. गाव त्याला नुसते गुरखा म्हणे. आठ वर्षे कर्जतला राहून तो आपल्या पद्धतीचे मराठी बोलायला शिकला होता. त्याने खाकी कोटाच्या आतून चार घड्या घातलेला कागद काढला.

"पंतजी, हे छापून पायजे. तीनशे."

दत्तोपंतांनी कागद उघडला. अक्षरे आपलीच, भाषा मात्र वेगळी. नेपाळी.

"काय आहे हे?"

हर्कबहादूर उंबऱ्यावर बसला आणि बोलू लागला. त्याचे बोलणे मला अजून आठवते. "आमच्या मुलुखात अखबार एकच, पंतजी. सरकारी. त्यात महाराजनी वाघ मारला, महाराजचा वाढदिवस झाला, एवढंच. दुसरा कोणी छापेल तर जेल. गावात वाचनालय उघडायचं म्हटलं तरी हुकूम लागतो. माझा धाकटा भाऊ काठमांडूला शिकत होता. त्यानी चार पोरांना जमवून एक कागद वाचून दाखवला. सहा वर्षं झाली, जेलमध्ये आहे. आई म्हणते, पायात बेडी आहे."

"आणि राजा काय करतो तुमचा?" द्वारकाबाईंनी खिळे जुळवता जुळवता विचारले.

"राजा महालात बसतो, बाईजी. नाव त्याचं. हुकूम प्रधानमंत्रीचा. तो पण महाराजच. बाप गेला की भाऊ, भाऊ गेला की पुतण्या, गादी त्यांच्याच घरात. राजाच्या नावाआधी पाच वेळा श्री, प्रधानमंत्रीच्या नावाआधी तीन वेळा."

"आमच्याकडे गणपतीलासुद्धा एकच श्री पुरतो," दत्तोपंत म्हणाले. मी दत्तोपंतांना बऱ्याच दिवसांनी थट्टा करताना ऐकले.

हर्कबहादूर हसला नाही. त्याच्या देशात तागाच्या एका गिरणीत नुकताच संप झाला होता. लोकांना धरून नेले होते. आता गावोगाव माणसे उठत होती, आणि सरहद्दीवरच्या बाजारात हे कागद वाटायचे होते. बनारसला नेपाळी छापखाने होते, पण तिथे दरबाराचे हेर बसलेले. कर्जतला कोण बघायला येणार? त्याला गुरुवारपासून रजा मिळाली होती. तीनशे कागद अंथरुणाच्या वळकटीत घालून तो सरहद्दीवरच्या रक्सौलला जाणार होता.

"नाही जमायचं," दत्तोपंत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला एकदा ताकीद मिळालेली आहे. पुन्हा सापडलो तर यंत्र कायमचं जाईल. दुसरीकडे बघा."

हर्कबहादूरने मान हलवली. कागद परत मागितला नाही, उठूनही गेला नाही. तेवढ्यात द्वारकाबाईंनी दत्तोपंतांच्या हातून तो कागद घेतला आणि मोठ्याने एक ओळ वाचली. "बोल्न देऊ, लेख्न देऊ, छाप्न देऊ." वाचून त्या थांबल्या.

"अहो, बोलू द्या, लिहू द्या, छापू द्या. हे तर मलाही कळतंय," त्या म्हणाल्या.

दत्तोपंतांनी टोपी काढून खुंटीला लावली. खुंटीला टोपी लागली की काम सुरू झाले असे मी समजे.

त्याच आठवड्यात लोधिवलीच्या भिवाजी पाटलांच्या मुलीच्या, सुंदराच्या, लग्नपत्रिका माझ्याकडे होत्या. नवरा मुलगा कशेळ्याचा. दोनशे पत्रिका मी लाल शाईत छापल्या होत्या आणि त्या वाळायला ठेवल्या होत्या. आता इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. लढाई संपली तरी कागद नियंत्रणावर मिळत होता. म्हणून कोणताही नवा मजकूर लावला की पहिले वीस-पंचवीस छापे बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर काढायचे. शाई नीट बसली की मग कोरा कागद. माझ्या उजव्या फळीवर चांगल्या पत्रिकांचा गठ्ठा होता, डाव्या फळीवर शाई फिसकटलेल्या पत्रिकांचा. दोन्ही गठ्ठे छापील बाजू वर करून ठेवलेले.

रविवारी दुपारी, पेठ जेवून आडवी झाल्यावर, दत्तोपंतांनी दार लोटून घेतले. आत अंधुक उजेड होता. उकाड्याने चष्म्यावर वाफ धरत होती आणि त्यांचे सगळे लक्ष बाहेरच्या पावलांकडे होते. त्यांनी पहिले वीस छापे काढले, पण हात गेला तो उजव्या गठ्ठ्याकडे. वीस चांगल्या पत्रिकांच्या पाठीवर नेपाळी मजकूर उठला. त्या पुन्हा पत्रिकेची बाजू वर करून त्यांनी उजव्या फळीवरच ठेवल्या. मग तीनशे कोऱ्या कागदांवर मी इतका सुरेख छापा दिला की सांगता सोय नाही. काम संपल्यावर, ते वीस छापे बिघडलेल्या पत्रिकांतच आहेत असे समजून, पुरावा नको म्हणून दत्तोपंतांनी डावा गठ्ठा उचलला आणि आत नेऊन चुलीत घातला.

मी सगळे बघत होतो, मित्रांनो. ओरडून सांगावेसे वाटत होते, अहो, चुकीचा गठ्ठा जाळताय! पण माझ्या जबड्यातून कागदाशिवाय काही बाहेर येत नाही.

सोमवारी भिवाजी पाटलांनी सुतळीने बांधलेला गठ्ठा नेला. गुरुवारी हर्कबहादूर वळकटी खांद्यावर टाकून गाडीत बसला. जाताना त्याने माझ्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. दत्तोपंतांनी निर्धास्त होऊन त्या दिवशी दोन वेळा चहा घेतला.

शुक्रवारी सकाळी भिवाजी पाटील पुन्हा आले. लग्नाचा बाजार करायला बैलगाडी घेऊन निघाले होते. चेहरा खुशीत.

"पंत, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले उपकार, पाटील?"

"अवो, मागल्या अंगाला मंतर बी छापलात ना! पोथीवानी बारीक. आनि त्ये बी फुकट! सगल्यांवर नाय, वीसेक पत्रिकांवर हाय. मी काय येडा हाय का? मी वलखलं, ह्या मानाच्या पत्रिका. म्हनून त्या खास मोठ्या लोकास्नी धाडल्या."

दत्तोपंतांच्या हातातली खिळे उचलायची चिमटी खाली पडली.

"मोठ्या म्हणजे कुणाला, भिवाजी?"

"खालापूरला कचेरीत सायबास्नी दिली. कारकुनास्नी दिली. पोलीस पाटलाला दिली. आनि फौजदारसायबांच्या तर हातात दिली. त्यांनी लगेच पलटून वाचली बी!"

हसावे की रडावे हे मलाही कळेना. एवढा जपून केलेला मजकूर भिवाजींनी स्वतःच्या हाताने, वर कुंकवाची बोटे लावून, फौजदारांना नेऊन दिला होता. द्वारकाबाईंनी भिवाजींना खरा प्रकार सांगितला. भिवाजींना लिहिता-वाचता येत नव्हते, पण समज दांडगी होती. त्यांचा चेहरा पार पडला.

"माज्या हातून झालं म्हनायचं," ते म्हणाले.

"तुमच्या नाही, माझ्या हातून झालं," दत्तोपंत म्हणाले.

भिवाजी गेल्यावर दत्तोपंतांनी द्वारकाबाईंना विचारले, "आता ते नाव विचारणार. हर्कबहादूर अजून वाटेतच असेल. नाव सांगितलं तर रक्सौलला तार जाईल, सरहद्दीवर पकडतील, आणि भावाच्या शेजारी नेऊन टाकतील. नाही सांगितलं तर यंत्र जाईल. मग आपण खायचं काय? सांग, काय करू?"

"मला विचारू नका," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मागच्या वेळी विचारलं नव्हतंत."

त्या दिवशी मी बंद होतो. दत्तोपंत माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. मध्येच उठून माझ्या सांध्यांना तेल घालत, पुन्हा बसत. माझ्यात घालण्यासारखी जागा संपली तरी तेल घालत होते. माझे म्हणाल तर मला जायची भीती वाटत होती. उगीच शूरपणाचा आव आणत नाही. पण आणखी एका माणसाच्या जिवावर उभे राहायची भीती त्याहून मोठी होती.

शनिवारी सकाळी फौजदार आले. बरोबर दोन शिपाई आणि हातात सुंदराच्या लग्नाची पत्रिका. पेठेतली माणसे दारापुढे जमली. काळजीने पुन्हा आलेले भिवाजीही बैलगाडी दारातच सोडून गर्दीत उभे राहिले.

"पंत, हे काय?" फौजदारांनी पत्रिका उलटी धरली. "पुढे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी आणि मागे बंड? शेजारच्या दरबाराची निंदा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे. अलिबागहून हुकूम आला आहे."

"साहेब, इंग्रज तर चालले म्हणतात," गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

"सरकार बदलेल तेव्हा बदलेल. कायदा तोच आहे." फौजदार दत्तोपंतांकडे वळले. "मजकूर कुणाचा?"

"माझा," दत्तोपंत म्हणाले.

फौजदार हसले. "तुम्हाला नेपाळी येतं?"

"येतं."

"असं? मग घ्या. वाचून दाखवा बघू. मोठ्याने वाचा."

फौजदारांना वाटले, पंत पहिल्याच ओळीला अडखळतील आणि खरे बोलतील. पण ज्याने एकेक उलटे अक्षर डोळ्यांखालून घातले, चुका काढल्या, पुन्हा पुन्हा तपासले, त्याला मजकूर पाठ झालेला असतो. दत्तोपंतांनी पत्रिका हातात घेतली. सुरुवातीला आवाज बारीक होता. मग तो चढत गेला. हेल अस्सल कर्जतचा, आणि नेपाळी माणूस ऐकून खो खो हसला असता; पण त्यांनी एकही शब्द गाळला नाही. कैद, जनता, अखबार, अन्याय, ओळखीचे शब्द लोकांच्या कानावर पडू लागले. भाजीवाल्या टोपल्या खाली ठेवून ऐकू लागल्या. शेवटी दत्तोपंतांनी ती ओळ वाचली. "बोल्न देऊ, लेख्न देऊ, छाप्न देऊ!"

फौजदारांच्या ध्यानात आले की बंदी घातलेला मजकूर आपणच हुकूम देऊन भर पेठेत जाहीर वाचायला लावला आहे. ते ओरडले, "पुरे!" पण तेव्हा वाचून संपले होते.

"सायेब," भिवाजी पुढे झाले, "ह्यात वाईट काय हाय? बोलू द्या म्हनतोय, छापू द्या म्हनतोय. आनि कागूद माज्या लेकीच्या लग्नाचा हाय. पुढचं बी माझं, मागचं बी माझं. मला न्या."

"गप रे तू!" फौजदार चिडले. मग आवाज उतरवून ते दत्तोपंतांना म्हणाले, "पंत, मी काही तुमचा वैरी नाही. शेवटचं विचारतो. कुणी छापायला आणलं? मागच्या वेळेसारखं नाव सांगा आणि मोकळे व्हा."

लोकांच्या माना मागे वळल्या, कारण गर्दीच्या मागे हेमचंद्र मास्तर उभे होते. दहा वाजले होते आणि ते नेहमीप्रमाणे शिकवणीला निघाले होते. आज मात्र ते थांबले होते आणि आत बघत होते.

दत्तोपंतांनीही त्यांना पाहिले. त्यांनी डोके खाली घातले नाही.

"मागच्या वेळी मी नाव सांगितलं," ते म्हणाले. "त्याची लाज मला अजून खाते आहे. या वेळी माझंच नाव लिहा. दत्तात्रय टिपणीस, राहणार कर्जत. लिहिलंत?"

फौजदारांनी लिहिले.

मला बांधायला दोर आणले. खालापूरपर्यंत न्यायला गाडी हवी होती, आणि दारात भिवाजींचीच बैलगाडी उभी होती. शिपायांनी ती ताब्यात घेतली. भिवाजींनी नाही म्हटले नाही. त्यांनी गाडीतला पेंढा पसरून जाड थर केला आणि शिपायांना दटावले, "सावकास उचला रं. लोखंड दिसतंय म्हनून काय झालं? त्याला बी लागतं." माझी अशी काळजी कुणी केली की मला अजून भरून येते.

चार जणांनी मला उचलले तरी चाकाकडची बाजू कलत होती. दत्तोपंत धावले, पण शिपायाने त्यांना अडवले, कारण आता ते कैदी होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हेमचंद्र मास्तर आले. त्यांनी छत्री द्वारकाबाईंच्या हाती दिली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या चाकाखाली खांदा घातला.

"पंत," ते म्हणाले, "चाक मी धरतो."

साडेचार वर्षांत त्यांनी दत्तोपंतांशी बोललेले हे पहिले शब्द. दत्तोपंत भर पेठेत लहान मुलासारखे रडले. कुणी त्यांना हसले नाही. मास्तर खालापूरपर्यंत गाडीत माझ्या शेजारी, चाक धरून बसून आले. त्या दिवशी त्यांच्या शिकवणीच्या मुलांना सुट्टी मिळाली असणार.

दत्तोपंतांना आठ दिवस कोठडीत ठेवून सोडले. मला मात्र सोडले नाही. कचेरीमागच्या कोठारात, मोडक्या खुर्च्या आणि जप्त केलेल्या दारूच्या पिंपांमध्ये मला ढकलून दिले. स्वातंत्र्य आले तेव्हा मी कुलपात होतो. बाहेर ताशा वाजत होता, मुले जयजयकार करीत होती, आणि मी वाट बघत होतो की आता कुणीतरी किल्ली घेऊन येईल. कुणी आले नाही. दत्तोपंत अर्जावर अर्ज करीत. नवे साहेब गोड बोलत आणि सांगत की हुकमाचा कागद सापडत नाही. दोन पावसाळे माझ्या अंगावर गळले. उंदरांनी माझे रूळ खाऊन संपवले. चाकाला गंज चढला. त्या दिवसांत मला खिळ्यांच्या खुळखुळाटाची इतकी आठवण येई की छपरावर पागोळ्या वाजल्या तरी मी फसत असे.

एकोणपन्नासच्या जानेवारीत मी घरी परतलो. द्वारकाबाईंनी रॉकेलच्या बोळ्याने माझा गंज काढला आणि काढता काढता मला सगळी हकिकत सांगितली. बाई यंत्राशी बोलतात म्हणून शेजारीण हसत होती, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. रक्सौलहून एक कार्ड आले होते. त्यावर सही नव्हती. दोनच वाक्ये होती: पत्रिका सुखरूप पोहोचल्या. सगळ्या वाटल्या. हर्कबहादूर मालधक्क्यावर परत आला नाही. त्याचा भाऊ सुटला की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही. आजही कधी डोंगराकडून वारा आला की मला त्या दोघांची आठवण होते.

नवे रूळ बसल्यावर पहिला मजकूर हेमचंद्र मास्तरांनी आणला. नव्या सरकारच्या कचेऱ्यांत हरवणाऱ्या कागदांबद्दल चार खरमरीत ओळी होत्या. दत्तोपंतांनी त्या छापल्या आणि खाली छापणाऱ्याचे नाव सगळ्यांत मोठ्या खिळ्यांत बसवले. द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, मजकुरापेक्षा नाव मोठं झालं." दत्तोपंत म्हणाले, "राहू दे."

पुढे मी आणखी पंचवीस वर्षे काम केले. मग विजेवर चालणारी यंत्रे आली, दत्तोपंत गेले, द्वारकाबाई गेल्या, आणि मी तुमच्या ओसरीवर आलो. तक्रार नाही. मुलांच्या गलक्यात बरे वाटते.

मित्रांनो, महिन्यातून एकदा माझ्या सांध्यांत तेलाचे दोन थेंब सोडा. जबड्यात पोळी ठेवू नका, मुंग्या होतात. आणि तुम्ही मोठे झाल्यावर कधी कुणी हातात कागद नाचवत तुमच्या दारी आला, 'हे कुणाचे काम? नाव सांगा आणि मोकळे व्हा,' असे म्हणू लागला, तर त्याला फक्त स्वतःचे नाव सांगा. दत्तोपंतांना ते सांगायला साडेचार वर्षे लागली. तुम्ही इतका वेळ लावू नका.